हिकोने किल्ला

जपानच्या होन्शू बेटावरील शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या पूर्व काठी असलेला सतराव्या शतकातील किल्ला. तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) काळात ई घराण्याच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे होते. शोगुन आपल्या दाइम्योंना (सरंजामदारांना) एका जहागिरीतून दुसरीकडे वरचेवर हलवीत असत. हिकोने मात्र प्रारंभापासून 1871 मध्ये जहागिऱ्या बरखास्त होईपर्यंत एकाच घराण्याकडे राहिले.

स्थापना : ई घराणे मूळचे तोतोमी प्रांतातील ईनोया येथील. ई नाओमासा (1561–1602) 1575 मध्ये, पुढे पहिला तोकुगावा शोगुन झालेल्या इएयासूच्या सेवेत आला आणि त्याच्या चार प्रमुख सेनानींत गणला जाऊ लागला. 1582 मध्ये ताकेदा घराण्याचा पाडाव झाल्यावर त्यांचे अनेक योद्धे नाओमासाच्या हाताखाली आले. त्यांची लाल चिलखताची परंपरा त्याने उचलली आणि पुढे ती ई सैन्याची ओळख ठरली.

सेकिगाहाराच्या लढाईत (1600) इएयासूने इशिदा मित्सुनारीचा पराभव केला. मित्सुनारीचा सावायामा किल्ला व 1 लाख 80 हजार कोकू उत्पन्नाची जहागीर नाओमासाला मिळाली. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. जहागिरीची प्रतवारी याच मापाने होई. शत्रूच्या जुन्या ठाण्याऐवजी नवा किल्ला बांधण्याचा नाओमासाचा विचार होता, पण लढाईत झालेल्या बंदुकीच्या जखमेतून तो पुरता सावरला नाही आणि 1602 मध्ये मरण पावला. त्याचा मुख्य कारभारी किमाता मोरिकात्सू याने इएयासूच्या संमतीने हिकोने टेकडीची निवड केली.

बांधकामास 1604 च्या सुमारास सुरुवात झाली. ओसाका येथे इएयासूचे प्रतिस्पर्धी तोयोतोमी घराणे अद्याप प्रबळ होते आणि पूर्वेकडून क्योतोला जाणाऱ्या वाटा याच परिसरातून जात. त्यामुळे हे काम शोगुनशाहीने आपले मानले व आसपासच्या दाइम्योंना मनुष्यबळ पुरवण्यास भाग पाडले. घाई असल्याने जुन्या किल्ल्यांचे लाकूड व दगड वापरण्यात आले. मुख्य मनोरा (तेन्शू) ओत्सू किल्ल्यातून आणल्याची परंपरा आहे. 1957–60 मध्ये तो उतरवून दुरुस्त करताना त्याच्या तुळया आधी एका अधिक उंच मनोऱ्यात वापरल्या गेल्याचे दिसून आले आणि 1606 सालचे शाईतील लेखही सापडले. 1615 मध्ये तोयोतोमींचा अंत झाल्यावर उरलेले काम जहागिरीच्या खर्चाने पुढे नेण्यात आले व 1622 मध्ये ते संपले.

रचना : मैदानातून सुमारे 50 मी. उठलेल्या टेकडीवर बालेकिल्ला, पायथ्याशी वाडे आणि भोवती तीन खंदक अशी मांडणी होती. उत्तरेस सरोवराचे पाणी टेकडीला भिडत असे; दक्षिणेकडील सेरी नदीचा प्रवाह वळवून तिचा उपयोग संरक्षणासाठी करण्यात आला. उतारावर उभ्या चढत जाणाऱ्या दगडी भिंती हे येथील वैशिष्ट्य. कोरियावरील स्वाऱ्यांत (1592–98) जपानी सैन्याने तेथे बांधलेल्या किल्ल्यांत असे बांधकाम होते. शत्रूला उतारावरून आडवे सरकता येऊ नये, हा त्यामागील हेतू.

‘तेन्बिन’ म्हणजे तराजू या नावाच्या बुरुजी इमारतीपुढे लाकडी पूल आहे. वेढा पडल्यास तो पाडून टाकता यावा अशी योजना होती. तेन्शू तीन मजली असून आकाराने लहान आहे, पण त्याच्या छपरांवर निरनिराळ्या घाटांच्या त्रिकोणी व कमानदार दर्शन्यांची दाटी आहे. भिंतींतील जंग्या बाहेरून गिलाव्याने बुजवलेल्या आहेत; लढाईच्या वेळी गिलावा फोडून त्या उघडायच्या होत्या. तशी वेळ कधी आली नाही. किल्ल्याच्या आवारात टिकून राहिलेली घोड्यांची मोठी पागा जपानमध्ये केवळ येथेच आहे. तीत 21 घोडे बांधण्याची सोय होती.

सत्ताधीश : नाओमासाचा थोरला मुलगा नाओकात्सू प्रकृतीने अशक्त होता. तोयोतोमींविरुद्धच्या ओसाकाच्या मोहिमेत धाकटा मुलगा नाओताका याने सैन्याचे नेतृत्व केले. 1615 मध्ये इएयासूने हिकोने नाओताकाकडे सोपवून नाओकात्सूला आन्नाका येथे 30 हजार कोकूंची वेगळी जहागीर दिली. नाओताकाच्या काळात उत्पन्न 3 लाख कोकूंवर गेले. शिवाय शोगुनच्या 50 हजार कोकू तांदळाची राखणही त्याच्याकडे आली. तोकुगावांच्या वंशपरंपरागत सेवकांत एवढी मोठी जहागीर दुसऱ्या कोणाची नव्हती. संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या ‘ताइरो’ या सर्वोच्च मंत्रिपदावर या घराण्यातील अनेक पुरुष आले. याच घराण्यातील नाओओकीने 1677 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी गेन्क्यूएन या उद्यानाचे काम सुरू केले.

सर्वांत प्रसिद्ध व वादग्रस्त ठरला तो ई नाओसुके (1815–60). चौदावा मुलगा असल्याने त्याला वारसाहक्काची आशा नव्हती. 17 व्या वर्षापासून सुमारे 15 वर्षे तो खंदकालगतच्या साध्या घरात राहिला आणि झेन साधना, शस्त्रविद्या व चहाविधी यांत रमला. चहाविधीवरील त्याचा ग्रंथ आजही मान्यता पावलेला आहे. वारस ठरलेल्या भावाच्या मृत्यूनंतर त्याचे नाव पुढे आले व 1850 मध्ये तो दाइम्यो झाला. 1858 मध्ये ताइरोपदी आल्यावर त्याच्या राजवटीत सम्राटाची संमती नसताना अमेरिकेशी व्यापारी करार झाला. शोगुनच्या वारसाचा वादही त्याने आपल्या मताप्रमाणे मिटवला आणि शंभराहून अधिक विरोधकांना शिक्षा केल्या. त्यांतील विचारवंत योशिदा शोइन याला 1859 मध्ये देहदंड झाला. 24 मार्च 1860 रोजी हिमवर्षावात एदो (आजचे टोकियो) येथील शोगुनच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर मितो जहागिरीच्या 17 व सात्सुमा जहागिरीच्या एका सामुराईने नाओसुकेची हत्या केली. जहागीर जप्त होऊ नये म्हणून तो केवळ जखमी असल्याचे काही काळ भासवण्यात आले. तरीही 1862 मध्ये जहागिरीतून 1 लाख कोकू कापण्यात आले.

अखेरचा दाइम्यो नाओनोरी याने 1868 च्या यादवीत सम्राटाची बाजू घेतली. अडीच शतके तोकुगावांचा आधार मानले गेलेले घराणे असे त्यांच्या विरोधात उभे राहिले.

जतन : शोगुनशाही संपल्यानंतरच्या मेइजी काळात देशभरातील किल्ले पाडले जात होते आणि हिकोनेचेही पाडकाम ठरले होते. 1878 मध्ये सम्राट मेइजी या भागातून जात असताना मंत्री ओकुमा शिगेनोबू यांच्या शिफारशीवरून हे पाडकाम थांबवण्यात आले. 1944 मध्ये ई कुटुंबाने किल्ला हिकोने शहराला दिला. 1952 मध्ये तेन्शूला ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा मिळाला. हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा व मात्सुए या किल्ल्यांतील तेन्शूंनाही तो आहे. नाओसुकेचे पणतू ई नाओयोशी 1953 ते 1989 या काळात निवडणुकीद्वारे हिकोनेचे महापौर होते. पायथ्याच्या वाड्याच्या जागी 1987 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात लाल चिलखते, चहाविधीची पात्रे व ‘हिकोने ब्योबू’ हा प्रसिद्ध चित्रपडदा आहे. जागतिक वारसास्थळांच्या जपानी संभाव्य यादीत हिकोनेचे नाव 1992 पासून आहे.