गोवरीचा निखारा आणि कोंबडीचा पंख

कोंबडीचे पंख ओव्हनमध्ये खरपूस भाजून गोड-तिखट सॉसात घोळविण्याचा जो प्रकार हल्ली अमरावती-अकोल्याच्या तरुण मंडळींच्या जिभेवर रुळला आहे, त्याचे कूळ अमेरिकेतील बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये १९६४ साली तळल्या गेलेल्या पंखांपर्यंत नेण्याचा प्रघात आहे, आणि पदार्थापुरता तो यथार्थही आहे. परंतु कोरड्या आचेवर कवच धरेतो शेकावे आणि स्निग्ध वा मधुर द्रव्य अग्नीवरून उतरल्यावरच द्यावे, हे त्यामागील पाकतत्त्व वऱ्हाडास कोणी समुद्रापलीकडून येऊन शिकविले असे मानण्याचे कारण नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन कपाशीस जितकी उदार तितकीच वृक्षांस कृपण. त्यात मेळघाटचे सागवान सरकारी जंगलखात्याच्या अंमलाखाली गेल्यावर सखल मुलखातील रयतेच्या चुलीस पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि गोवऱ्या हेच मुख्य आधार उरले. पऱ्हाटी भडकते आणि विझते, म्हणून ती उकळावयास बरी; गोवरी धुमसत राहते, म्हणून शेकावयास तिच्यासारखे इंधन नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत मीठ, ओवा व तेल घालून वळलेला रोडगा याच निखाऱ्यांत पुरला जातो, वरून तडकू लागला की बाहेर काढून राख झटकली जाते, आणि मग तो फोडून तुपात भिजवून वांग्याच्या भाजीबरोबर वाढला जातो. सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला याच रोडग्याचा नवस बोलली, यावरून या भाजणीचे वय ताडता येईल.

मग कोंबडी या निखाऱ्यापासून दूर का राहिली? एक तर नैवेद्याच्या निखाऱ्यास मांसाचा स्पर्श कोणास रुचला नसता. आणि दुसरे, माझ्या मते अधिक बलवत्तर, कारण असे की दिवसभर उकिरडा उकरीत हिंडणाऱ्या गावरान कोंबडीचे मांस चिवट, तिच्या पंखावर तर खावयास जेमतेम घासभर, आणि घरी खाणारी तोंडे दहा. तेव्हा ती रश्श्यात मुरविण्यावाचून गृहिणीस गत्यंतर नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केल्यानंतर डाकबंगल्यांचे खानसामे साहेबासाठी अख्खी कोंबडी भाजू लागले खरे, पण ती विद्या बंगल्याच्या आवाराबाहेर फारशी पडली नाही. पंखास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली ती सहा-सात आठवड्यांत वाढणाऱ्या ब्रॉयलरमुळे, ज्याचे मांस कोवळे, कातडीखाली चरबी, आणि तुकडे वेगवेगळे करून विकण्याची सोय. तीच चरबी तीव्र आचेने वितळून निथळली की कातडी कुरकुरीत होते.

सॉसातील तिखटाचा इतिहास याहून रंजक आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. तत्पूर्वी या देशाच्या स्वयंपाकास तिखटपणा देण्याचे काम मिरे आणि पिंपळी करीत. सुर्जी अंजनगावच्या आणि तेथून जवळच्या अकोटच्या परिसरात बारी समाजाच्या मळ्यांतून हीच पिंपळी पानपिंपळी या नावाने आजही पिकते, परंतु तिची रवानगी होते ती औषधांच्या बाजारात. पिंपळीचा तिखटपणा उशिरा जाणवतो, रेंगाळतो, आणि त्याच्या मागे एक गोडसर छटा असते. गुळाच्या पाकास याहून अनुरूप मसाला मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या भटारखान्यांस विनंती एवढीच की, बाटलीबंद सॉस उघडण्यापूर्वी एकवार पातळ गुळाच्या पाकात चिंचेचा कोळ आणि कुटलेली पानपिंपळी घालून पाहावी, आणि तो पाक पंख भट्टीतून काढल्यावरच लावावा, कारण गूळ आचेवर करपतो.