मोडशी : प्रबोधनकालीन वैद्यकाचे गोव्यातील एक पान



मी आयुष्यभर मराठी शिकविले. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रुग्ण म्हणूनच. तरीही युरोपातील प्रबोधनकालीन वैद्यकावर बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण त्या इतिहासाचे एक मोलाचे पान गोव्यात छापले गेले, आणि त्या पानावर आपल्या बोलीतला एक शब्द आहे : मोडशी.

प्रबोधन म्हटले की अंधार सरला आणि एकाएकी उजाडले, असे चित्र आपल्या मनात असते. त्याला आधारही आहे. १५४३ साली व्हेसॅलियसने स्वतः केलेल्या शवविच्छेदनांच्या बळावर गॅलेनच्या शरीररचनेतील चुका दाखविल्या. १५४६ साली फ्राकास्तोरोने रोगाची सूक्ष्म बीजे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असा विचार मांडला. परंतु विद्यापीठांत प्रमाण मानले जात होते ते गॅलेन आणि इब्न सिना यांनाच. रक्त, कफ, पीत पित्त आणि कृष्ण पित्त या चार रसांचा तोल ढळला की रोग होतो, ही चौकट अभंग होती. डोळे नवे आणि चौकट जुनी, अशी त्या युगाची खरी अवस्था होती.

ही अवस्था पाहावी ती गार्सिया द ओर्ता याच्या ठायी. सालामांका आणि अल्काला येथे शिकलेला हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली मार्तिम अफोन्सो द सोझा याच्यासमवेत भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचा राबता होता. तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ साली गोव्यात त्याचा औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात स्वतः ओर्ता बोलतो, आणि रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य त्याला प्राचीन ग्रंथांचे दाखले देतो. प्रबोधनाचे द्वंद्वच जणू दोन पात्रांत वाटून दिले आहे.

त्यातील एका संवादात मोडशीचे वर्णन येते. नाडी लागत नाही, अंग गार पडते, तरी रुग्णाला आतून दाह होतो. तहान शमत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, आणि माणूस दिवसभरातही दगावतो. जून-जुलैत रोगाचा जोर अधिक, हेही त्याने टिपले. पटकी पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखता येईल. मात्र कारण सांगण्याची वेळ आली की ओर्ता जुन्या ग्रंथांतील पित्तविकाराकडे आणि अतिभोजनाकडे वळतो. जे पाहिले ते नवे होते. ते मांडायला भाषा मात्र जुनीच होती.

व्हेसॅलियसचा ग्रंथ निघाला त्याच १५४३ साली गोव्यात या रोगाची साथ होती. गव्हर्नर सोझाच्या आज्ञेने एक प्रेत उघडून पाहण्यात आले, असे इतिवृत्तकार गाश्पार कोर्रेया सांगतो. आत आक्रसलेल्या जठराखेरीज काही सापडले नाही. पाहण्याची इच्छा होती. काय पाहावे हे कळायला सूक्ष्मदर्शकाची आणि कॉखच्या १८८४ पर्यंतच्या संशोधनाची वाट पाहावी लागली.

येथील वैद्य रुग्णाला मिरे-जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजीत, हेही ओर्ताने नोंदविले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य पटकीग्रस्त वाचविले. पुढे तांदळाच्या पिठाचे क्षारयुक्त पाणीही गुणकारी ठरले. म्हणून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. तेच वैद्य रुग्णाच्या पायांना डाग देत आणि डोळ्यांत मिरपूड घालीत. परंपरेत हितकर आणि घातक एकत्र नांदते. निवड अनुभवाने करावी लागते.

स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धैर्य झाले नसते, अशी कबुली ओर्ता देतो. गोव्यात त्याला ती मोकळीक लाभली. पण तो मूळच्या यहुदी, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. १५६० साली इन्क्विझिशन येथेही आले. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. रोगाविषयी शंका घेण्याइतका मोकळा झालेला तो काळ माणसाच्या श्रद्धेविषयी तितका मोकळा झाला नव्हता.

आज पणजीतील उद्यानाला ओर्ताचे नाव आहे. ज्यांच्या तोंडून त्याने 'मोडशी' ऐकले आणि ज्यांच्या हातची कांजी पाहिली, त्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांचा शब्द तेवढा टिकला. या शाळेतील मुलांना माझे एवढेच सांगणे आहे : ग्रंथाचा मान राखा, पण समोर दिसते ते प्रामाणिकपणे टिपून ठेवा. अर्थ लावणारे पुढे येतील. टिपलेलेच नसेल तर ते तरी काय वाचणार?