सिंहगडाचा कडा आणि रुपेरी पडदा

माणसाने कडा चढावा, त्या चढाईत त्याचा अंत व्हावा, आणि पुढे कोणी त्या मरणाचे नाट्य करून ते लोकांसमोर मांडावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. मरण खरे असते, नाट्य रचलेले असते. या दोहोंमधील अंतर किती असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न आज चित्रपटामुळे नव्याने उभा राहिला आहे. मराठी मुलखात या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे सिंहगड होय. ज्या रात्री तानाजी मालुसरे कडा चढून गेले त्या एका रात्रीवर बखर लिहिली गेली, पोवाडा रचला गेला, कादंबरी झाली, मूकपट निघाला, बोलपट निघाला, आणि शेवटी २०२० मध्ये हिंदीत भव्य चित्रपटही निघाला. एकाच घटनेची इतकी रूपांतरे एका रांगेत तपासावयास मिळणे दुर्मिळच.

मूळ घटना थोडक्यात अशी. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये जे तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, त्यांत कोंढाणा होता. तो परत घेण्याची कामगिरी तानाजींवर आली. शके १५९१, माघ वद्य नवमी, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे डोणागिरीच्या कड्याने वर चढले. किल्लेदार उदेभान राठोड आणि तानाजी यांची गाठ पडली आणि दोघेही पडले. सूर्याजींनी मावळ्यांना आवरले व गड घेतला.

या घटनेचा जवळचा वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आहे. ती १६९४ च्या सुमारास जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. म्हणजे घटनेला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती आणि त्या पिढीतील माणसे हयात होती. सभासदांचे वर्णन आटोपशीर आहे. कडा चढण्यात पटाईत असे दोन मावळे आधी वर गेले, त्यांनी वरून माळ लावली, आणि मग तीनशे माणूस चढले, इतकेच ते सांगतात. घोरपड नाही, रायबाचे लग्न नाही, सोंगट्यांचा डाव नाही. गड हाती आल्यावर पागेची खोपटी पेटवून राजगडावर इशारत दिली गेली, हा तपशील मात्र त्यात आहे. महाराजांच्या तोंडी सभासदांनी जे उद्गार घातले आहेत त्यांचा आशय असा की, एक गड घेतला परंतु एक गड गेला. येथे तानाजी सिंह नाहीत, गड आहेत. गडाचे सिंहगड हे नाव त्या रात्रीमुळे पडले असे आपण मुलांना सांगतो. परंतु १६६३ च्या पत्रातही हे नाव आढळते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

बखरीनंतर शाहीर आले. तुळशीदासांच्या पोवाड्याने या प्रसंगाला घरदार दिले. जिजाऊंचा हट्ट, सोंगट्यांचा डाव, मुलाचे लग्न बाजूस सारून निघालेला बाप, यशवंती नावाची घोरपड, ही सारी त्या परंपरेची देणगी. घोरपडीची कथा मुळात याच गडाची असेल असेही नाही. आमच्या सीमाभागापासून फार दूर नसलेल्या मुधोळच्या घोरपडे घराण्यात अशीच परंपरा सांगतात: बहमनी काळात खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना पूर्वजांनी घोरपडीच्या साह्याने कडा चढला आणि त्यावरून आडनाव पडले. कथा एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जातात, ही लोकपरंपरेची रीत आहे. तीस खोटेपणा म्हणू नये. ऐकणाऱ्याला जे अशक्य वाटते त्याचे तो स्वतःला पटेल असे कारण शोधतो. सरळ तुटलेला कडा, अंधारी रात्र आणि वर पोचलेली माणसे. यांच्यामध्ये जी पोकळी राहते तेथे घोरपड येऊन बसली.

तिसरा टप्पा कादंबरीचा. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने विसाव्या शतकाच्या आरंभी या कथेत कमलकुमारी आणली. सती जाण्यास निघालेली रजपूत विधवा, तिला बळाने गडावर आणणारा उदेभान, आणि तिच्या सुटकेची घटिका तीच चढाईची घटिका, ही रचना हरिभाऊंची. कादंबरीस अशा धाग्याची गरज होतीच. पण त्यामुळे एक फरक पडला. बखरीतील उदेभान हा शूर प्रतिपक्षी होता. कादंबरीत तो खलपुरुष झाला.

चित्रपटाने हाच वारसा घेतला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला तो याच कादंबरीवरून. बाबूराव हे चित्रकार आणि यंत्रज्ञ. आपला कॅमेरा त्यांनी आपल्या हातांनी घडविला होता. त्यांच्यापुढची अडचण मोठी मार्मिक होती. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे चढाईचे सारे यश अंधारावर अवलंबून होते. आणि कॅमेऱ्याला तर प्रकाशावाचून काही दिसत नाही! जी गोष्ट कोणी पाहू नये म्हणून घडविली गेली, ती सर्वांना दाखवावयाची, हे कोडे त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून सोडविले, आणि आपल्याकडील चित्रणकलेच्या इतिहासात त्याची नोंद झाली. या मूकपटात शेलारमामांची भूमिका करणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांनीच प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपट दिग्दर्शित केला. बोरगाव, निपाणी या आमच्या भागाला बाजारहाटासाठी आणि शिक्षणासाठी कोल्हापूर नेहमीच जवळचे. तेथील चित्रसृष्टीला आपली मानण्याची येथील रीत आहे.

२०२० च्या ‘तान्हाजी’ या ओम राऊत दिग्दर्शित चित्रपटात साधनांची समृद्धी अपार आहे. पण कथेची चौकट पाहिली तर कमलकुमारी तेथे आहेच, थोड्या बदललेल्या रूपात. भर पडली ती ‘नागीण’ नावाच्या अजस्र तोफेची. उदेभान तर आता खलपुरुषाच्याही पलीकडे जाऊन जवळजवळ राक्षस झाला आहे. ही भूमिका करणाऱ्या नटानेच पुढे एका मुलाखतीत, हा इतिहास आहे असे आपणास वाटत नाही, असे जाहीरपणे म्हटले. चित्रपट पाहून आलेल्या आमच्याकडील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “गुरुजी, ती तोफ आता कुठं ठेवली आहे?” त्याच्या प्रश्नाला हसणे सोपे होते. मला हसू आले नाही. कारण घोरपडीविषयी हाच प्रश्न मी लहानपणी माझ्या गुरुजींना विचारला होता.

मग पोवाड्याला जी मोकळीक आपण देतो ती चित्रपटाला का देऊ नये? हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते भेद असा आहे. पोवाडा ऐकताना शाहीर समोर उभा असतो. डफ, तुणतुणे आणि झील धरणारे साथीदार डोळ्यांना दिसत असतात. हे सांगणे आहे, हे ऐकणारा क्षणभरही विसरत नाही. पडद्यावर सांगणारा नाहीसा होतो आणि उरते ते केवळ दृश्य. डोळ्यांनी पाहिलेल्यावर मन साक्षीप्रमाणे विश्वास ठेवते. म्हणून चित्रपटाचे स्वातंत्र्य कमी नव्हे, पण त्याची जबाबदारी अधिक आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. १९९६ च्या मे महिन्यात, १० व ११ तारखांना, एव्हरेस्टवर वादळात आठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यावरील ‘एव्हरेस्ट’ हा चित्रपट २०१५ मध्ये आला. येथे घटनेला वीसही वर्षे झाली नव्हती. वाचलेली माणसे आणि मृतांचे आप्त हयात होते. चित्रपटाने राक्षस निर्माण केले नाहीत, तोफा आणल्या नाहीत. त्याची उणीव वेगळ्या जातीची आहे. त्याची कथा डोंगराच्या दक्षिण बाजूने गेलेल्या तुकड्यांची. त्याच वादळात उत्तर बाजूला भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे त्सेवांग समनला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरुप हे तिघे मरण पावले. आठांतले हे तीन त्या कथेबाहेर राहिले. जे दाखविले ते पुष्कळसे खरे, तरी न दाखविलेल्याने चित्र अपुरे राहिले.

हे ध्यानात घेऊन सिंहगडाकडे परत वळले म्हणजे एक गोष्ट मनाला लागते. सभासदांच्या वृत्तान्तातील सर्वांत धोक्याचे काम कोणाचे? आधी चढलेल्या त्या दोन मावळ्यांचे. त्यांना दोर नव्हता, कारण दोर लावावयास तेच गेले होते. अंधारात बोटांनी कपार चाचपावी, पायाखालचा दगड सुटला तर ओरडूही नये, कारण वर पहारा जागा. अशा स्थितीत ते वर पोचले. त्यांची नावे बखरीत नाहीत. पुढे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात, दोर नाहीसे झाल्याचे सांगून सूर्याजींनी पळणारे मावळे फिरविले, असे लिहिले. म्हणजे माघारी वळण्याच्या क्षणीही निर्णय दोरानेच केला. तो दोर वर बांधणारे हात मात्र कोणाच्याच कथेत फार काळ टिकले नाहीत. पोवाड्याने त्यांच्या जागी घोरपड आणली आणि तिला यशवंती हे नाव दिले. घोरपडीला नाव मिळाले. त्या दोघांना मिळाले नाही.

चित्रकाराने कल्पना वापरू नये असे मी म्हणणार नाही. उलट येथे कल्पनेला केवढी जागा आहे! तोफ आणि राक्षस उभे करण्याऐवजी त्या दोन निनावी माणसांचा एक प्रहर कोणी पडद्यावर दाखविला, तर साधनांशी कोठेही प्रतारणा न करता थरार साधेल. बखर जेथे दोन ओळींत थांबते तेथेच कलावंताचे काम सुरू होते.

आम्हा शिक्षकांपुरते सांगावयाचे तर, चित्रपट वर्ज्य करून काही साधणार नाही. मुले तो पाहणारच. मी आता वर्गात आधी बखरीतील उतारा वाचतो, मग पोवाडा ऐकवितो, आणि शेवटी चित्रपटाविषयी बोलू देतो. प्रत्येक पायरीवर काय आले आणि काय गेले हे फळ्यावर दोन रकान्यांत मुलेच लिहितात. गेल्या खेपेस ‘काय गेले’ या रकान्यात एका मुलीने लिहिले: “पहिले दोघे.”