फणसाची चोरी आणि हरेगावचा इतिहास

आमदाराच्या बंगल्यातले दोन फणस चोरीला जातात आणि अख्खे पोलीस ठाणे कामाला लागते. त्याच बंगल्यातल्या माळ्याची मुलगी बेपत्ता असते, पण तिला शोधायला कोणाला वेळ नसतो. यशोवर्धन मिश्रा दिग्दर्शित ‘कटहल’ (२०२३) या विनोदी हिंदी चित्रपटाची ही गोष्ट. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तपास अधिकारी आहे महिमा बसोर, बांबूकाम करणाऱ्या अनुसूचित जातीतली इन्स्पेक्टर.

आम्ही हा चित्रपट पाहिला आणि हसलोही. पण तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, आमच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. आमदाराचे फणस गेले तर वर्दी धावते. दलितावर शेळीचा संशय आला तर वर्दीची वाटही पाहिली जात नाही. गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या, पण मारहाण होऊन गेल्यावर.

मित्रांनो, श्रीरामपूर तालुक्यातले हे हरेगाव चळवळीला नवे नाही. डिसेंबर १९३९ मध्ये इथेच वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तिथे भाषण केले. महार वतन म्हणजे काय होते? गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, सरकारी निरोप पोचवायचे, अधिकाऱ्यामागे धावायचे. म्हणजे पोलिसांचे खालचे काम आमच्या पूर्वजांकडेच होते. पण त्याला धड पगार नव्हता आणि अधिकार तर नव्हताच. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुत्याची भाकरी. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने.

हा इतिहास डोक्यात ठेवून ‘कटहल’ पुन्हा पाहा. बेपत्ता मुलीचा शोध सुरू व्हावा म्हणून महिमाला सांगावे लागते की फणस त्या मुलीनेच चोरले. वर्दी अंगावर आहे, खुर्ची आहे, तरी एका गरीब मुलीसाठी यंत्रणा हलवायला तिला युक्तीच लढवावी लागते. काहीजण म्हणतील, पडद्यावर दलित महिला इन्स्पेक्टर दिसली हेच पुष्कळ नाही का? ती दिसली याचा आनंद आम्हालाही आहे. पण अधिकाराशिवाय काम हे वतनातही होतेच. बाबासाहेबांना युक्ती नको होती, हक्क हवा होता.

तो हक्क आज कागदावर आहे. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगते. १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, त्यात आपले कोण बसले आणि ते काय बोलले? चित्रपटावर चर्चा जरूर करू, पण विहारातून उठताना माहिती अधिकाराचा हा एक अर्जही लिहून उठू.

जय भीम!