तिसऱ्या पक्षास दिलेलें मत



निवडणुकीचे दिवस जवळ आले कीं आमच्या मालवणच्या बाजारांत एक प्रश्न हटकून ऐकूं येतो : "जो निवडान येवचो नाय, तेका मत दिवन फुकट कित्याक घालवतंस?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटांत लोकशाहीचें एक मोठेंच कोडें दडलेलें आहे. आज त्याचाच थोडा ऐतिहासिक विचार करावयाचा आहे.

माझें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें. म्हणून आरंभीं शाळेंतलेंच उदाहरण घेतों. वर्गांत चाळीस मुलें आहेत आणि वर्गनायक निवडावयाचा आहे. तीन उमेदवारांस अनुक्रमें १६, १४ आणि १० मतें पडलीं. सोळा मतांचा मुलगा नायक झाला; म्हणजे चोवीस जणांनीं ज्यास मत दिलें नाहीं, तोच सर्वांवर नेमला गेला. पुढील वर्षीं त्या दहांपैकीं हुशार मुलें मनाशीं म्हणतात, 'आपला गडी कांहीं येत नाहीं. तेव्हां उरलेल्या दोघांत जो बरा, त्यासच मत देऊं.' असें दोन-चार वर्षें चाललें कीं तिसरा उमेदवार नाहींसा होतो. सर्वांत अधिक मतें ज्यास, तो विजयी, ही पद्धति जेथें आहे तेथें राजकारण दोन पक्षांकडे झुकतें, असा सिद्धान्त मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच पंडितानें १९५१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला, तो याच अनुभवावरून.

आपण हीच पद्धति इंग्लंडकडून उचलली. आपल्या देशांत पक्ष पुष्कळ आहेत हें खरें. तथापि एकेका मतदारसंघांत पाहिलें तर खरी झुंज बहुधा दोघांचीच असते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, म्हणजे १९५१-५२ सालीं, काँग्रेसला शेंकडा ४५ मतें मिळालीं आणि ४८९ पैकीं ३६४ जागा मिळाल्या. समाजवादी पक्षास शेंकडा दहाहून अधिक मतें मिळूनहि त्याच्या पदरांत अवघ्या १२ जागा पडल्या. उलट कम्युनिस्टांनीं शेंकडा तीन-साडेतीन मतांवर १६ जागा मिळविल्या! कारण समाजवाद्यांनीं अडीचशेंवर जागा लढवून आपलीं मतें देशभर शिंपडलीं. कम्युनिस्टांनीं पन्नासांच्या आंत जागा लढविल्या आणि आपलें पाणी पाटानें वाहून नेलें. लहान पक्षाचें मरण थोड्या मतांत नसतें, विखुरलेल्या मतांत असतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं रत्नागिरींतून वेगळा निघाला. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून हा मुलूख लोकसभेच्या राजापूर मतदारसंघांत मोडत असे. १९५७ सालीं येथून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. ते वेंगुर्ल्याचे. त्या वर्षीं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखालीं विरोधी पक्ष एक झाले होते; तेव्हां त्या विजयाचें नवल नाहीं. नवल आहे तें पुढेंच. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, समितीची एकजूट ओसरली. तरीहि १९६२ आणि १९६७ सालीं राजापूरकरांनीं नाथ पै यांसच दिल्लीस पाठविलें. तिकडे त्यांच्या पक्षाच्या जागा १९ वरून १२ व १३ वर येऊन ठेपल्या होत्या. १८ जानेवारी १९७१ रोजीं नाथ पै निवर्तले. पुढें दोन महिन्यांच्या आंतच निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या लाटेंत महाराष्ट्रांतील ४५ पैकीं ४२ जागा काँग्रेसनें जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षास साऱ्या देशांत दोनच जागा मिळाल्या, आणि त्यांतील एक राजापूरची! तेथें मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारे प्रा. मधु दंडवते निवडून आले होते. दिल्लीच्या हिशेबीं जो पक्ष नगण्य, तो येथें पहिला होता.

या मतांनीं काय साधलें, असें कोणी विचारील. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटनेंतील मूलभूत हक्कांच्या भागांतहि दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुनः प्रस्थापित करणारें विधेयक १९६७ सालीं नाथ पै यांनीं खासगी सभासद म्हणून आणलें. तें मंजूर झालें नाहीं. पण १९७१ सालच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनें तोच अधिकार सरकारनें प्रस्थापित केला. दंडवते १९७७ सालीं रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गाद्या आल्या. मात्र हेंहि विसरतां कामा नये कीं, हें मंत्रिपद आलें तें लहान पक्ष जनता पक्षांत विलीन झाल्यावर. तत्पूर्वीं वीस वर्षें आमचे खासदार विरोधी बाकांवरच होते, आणि मुंबईस जाणारा चाकरमानी बोटीची नाहींतर एस.टी.ची वाट पाहत होता. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ सालीं. त्याच्या सात वर्षें आधीं याच मतदारसंघानें दंडवत्यांना पराभूत केलें होतें.

मीं आयुष्यांतलें पहिलें मत दिलें तें १९८४ सालीं. इंदिराजींच्या हत्येनें सारा देश हेलावला होता. मतदानास निघालों तेव्हां एका दुकानदारानें बाजारांतला तोच प्रश्न मला विचारला, आणि खरें सांगतों, शिक्का हातांत घेतल्यावर मी क्षणभर थबकलों. शेवटीं मत दंडवत्यांनाच दिलें. राज्यांतील ४८ पैकीं ४३ जागा काँग्रेसनें घेतल्या. राजापूर मात्र दंडवत्यांकडेच राहिलें. माझें मत फुकट गेलें नाहीं. पण तें माझ्या शहाणपणामुळें नव्हे, तर माझ्या आधीं सत्तावीस वर्षें ज्यांनीं आपलीं मतें एका ठिकाणीं धरून ठेविलीं, त्यांच्यामुळें.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अमेरिकेंत २००० सालीं फ्लोरिडा राज्यांत जॉर्ज बुश यांनीं अल गोर यांच्यावर ५३७ मतांनीं आघाडी घेतली आणि त्यावर राष्ट्राध्यक्षपद ठरलें. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांस तेथें ९७ हजारांवर मतें होतीं. त्यांतील बऱ्याच मतदारांस बुश हे गोर यांच्याहून अधिक नकोसे होते. त्यांनीं स्वतःच्या हातानें नको तो निकाल घडविला.

म्हणून माझें सांगणें इतकेंच : तिसरा कोण, हें राजधानीच्या हिशेबावरून ठरवूं नये, तें आपल्या मतदारसंघांत मोजावें. आपल्या गांवोगांवीं त्या पक्षाचीं माणसें आहेत काय, तीं निवडणूक सरल्यावरहि दिसतात काय, आणि आपल्या जोडीला पुढल्या खेपेसहि उभे राहणारे शेजारी आहेत काय? असतील तर तें मत बियाणें आहे. नसतील, आणि उरलेल्या दोघांतील एक खरोखरच घातक वाटत असेल, तर दुसऱ्यास मत देण्यांत कमीपणा नाहीं. राजापूर मतदारसंघ आतां नकाशावर राहिला नाहीं. २००९ पासून तेथें रत्नागिरी-सिंधुदुर्ग असें नांव आलें आहे. पण त्यानें घालून दिलेला धडा कोणत्याहि नकाशांत जिवंतच राहील.