फुलपाखराचा स्नानसंस्कार

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत भाविकांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आमच्या धर्मग्रामातील दफनभूमी झेंडूच्या फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, कुंपणावरची हिरवळ अजून टिकून असते, आणि म्हणून फुलपाखरेही पुष्कळ असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक माता आपल्या तरुण मुलाच्या क्रुसापाशी बसली होती. ताज्या हारावर एक पिवळे फुलपाखरू येऊन टेकले. तिने हलक्या आवाजात आम्हाला विचारले, "तोच आला असेल का हो?"

त्या वेळी आम्ही काहीच बोललो नाही. 'हो' म्हणणे आमच्या श्रद्धेला धरून नव्हते, आणि 'नाही' म्हणण्याचे धैर्य आमच्या ठायी नव्हते. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. फुलपाखराचा आणि मृत्यूचा संबंध मुळात कोणी जोडला? ख्रिस्ती श्रद्धेत हा चिमुकला जीव आला तरी कोठून? इतिहासाची पाने उलटताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पवित्र शास्त्रात फुलपाखरू नाही. अळी आहे, टोळ आहेत, कपडे कुरतडणारी कसर आहे. पण फुलपाखराचे नाव कोठेही आढळत नाही. पुनरुत्थानाविषयी बोलताना प्रभू येशूने आणि संत पौलाने दाखला घेतला तो भूमीत पडून मरणाऱ्या दाण्याचा. फुलपाखरू आपल्याकडे आले ते ग्रीकांच्या घरातून.

ग्रीक भाषेत 'प्सीखे' या शब्दाचा अर्थ प्राण, जीव, आत्मा असा होतो. आणि फुलपाखरालाही ग्रीक लोक 'प्सीखे' असेच म्हणत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात कोबीच्या पानांवरील अळीचा कोश होतो आणि कोशातून फुलपाखरू निघते, हे नोंदवून ठेवले, तेही हाच शब्द वापरून. पुढे ग्रीक आणि रोमन कलेत आत्मा म्हणजे फुलपाखराचे पंख लाभलेली एक तरुणी, असे चित्र रूढ झाले. त्यामागील विचारही ध्यानात घेण्याजोगा आहे. प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञांना देह हा आत्म्याचा बंदिवास वाटे. मरण म्हणजे सुटका. फुलपाखरू उडाले, कोश मागे पडला. त्या रित्या कवचाशी आत्म्याचे मग कसलेही नाते उरले नाही.

रोमच्या प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे चित्र पाहिले होते. इतकेच नव्हे, तर ते आपलेसेही केले. रोममधील डोमितिल्ला या भुयारी दफनभूमीत, जेथे ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या मृतांना विसावा दिला, तेथील भिंतीवर फुले वेचणाऱ्या प्सीखेचे चित्र आजही पाहावयास मिळते. शेजाऱ्यांच्या घरातली वस्तू आपल्या घरी आणावी आणि तिला नवा अर्थ द्यावा, ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. फुलपाखराला मात्र हा नवा अर्थ सहजासहजी लाभला नाही. कारण ख्रिस्ती माणूस केवळ आत्म्याच्या अमरत्वावर विश्वास ठेवीत नाही. तो देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. रविवारच्या मिस्सेत विश्वासांगिकार म्हणताना आपण याच विश्वासाची ग्वाही देत असतो. देह ही टाकून देण्याची टरफले असती, तर शब्द देही झाला नसता, आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होण्याचेही कारण नव्हते.

हा नवा अर्थ स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे थोर संत बेसिल. इ.स. ३७० मध्ये ते कॅपाडोशियातील सीझरियाचे बिशप झाले. सृष्टीच्या सहा दिवसांवर त्यांनी दिलेली प्रवचने प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी आठव्या प्रवचनात ते रेशमाच्या किड्याकडे वळतात आणि, आम्हा भारतीयांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्या किड्याला ते हिंदुस्थानातील शिंगे असलेली अळी म्हणतात. तिची रूपे एकामागून एक कशी पालटतात हे सांगून ते विद्वानांकडे नव्हे, तर घरी बसून विणकाम करणाऱ्या स्त्रियांकडे वळतात. चीनकडून आलेला रेशमी धागा हाती घ्याल तेव्हा या किड्याची आठवण ठेवा आणि पौलाने सांगितलेल्या पालटावर अविश्वास दाखवू नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

येथे 'पालट' हा शब्द महत्त्वाचा आहे. बेसिल सुटकेविषयी बोलत नाहीत. अळीमधून काहीतरी निसटून गेले असे ते म्हणत नाहीत. अळीच पालटली असे म्हणतात. ग्रीकांच्या फुलपाखराला स्नानसंस्कार मिळाला तो या ठिकाणी, असे आम्हाला वाटते. शुभवर्तमानात पर्वतावर प्रभूचे रूप पालटले हे सांगण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आले आहे, त्याच धातूपासून किड्यांच्या स्थित्यंतराचे शास्त्रीय नाव पुढे तयार झाले. आपल्या मराठीनेही दोहोंसाठी 'रूपांतर' हा एकच शब्द राखला आहे. ६ ऑगस्टला आपण प्रभूच्या रूपांतराचा सण साजरा करतो, आणि शाळेत मुले अळीचे रूपांतर शिकतात.

बेसिलच्या काळी रेशीम पूर्वेकडून विकत आणावे लागे. सुमारे इ.स. ५५२ मध्ये काही संन्यस्त भिक्षूंनी रेशीमकिड्यांची अंडी सम्राट जस्टिनियनकडे पोहोचविली. ते हिंदुस्थानातून आले होते असे इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. पुढे अरबांनी ही विद्या स्पेनमध्ये नेली, आणि तेथे तुतीच्या पानांवर पोसलेला हा किडा सोळाव्या शतकात एका संन्यासिनीच्या लेखणीत येऊन बसला.

आविलाची संत तेरेजा १५७७ साली बासष्ट वर्षांची होती. तिचे आत्मचरित्र धर्मन्यायालयाच्या ताब्यात होते, प्रकृती खालावली होती, तिने उभारलेल्या सुधारणेला विरोध वाढत होता. अशा वेळी धर्मगुरू ग्रासियान यांच्या आज्ञेवरून २ जून रोजी तोलेदो येथे तिने 'अंतरंगातील किल्ला' हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि २९ नोव्हेंबरला आविला येथे तो पूर्ण केला. या किल्ल्याच्या पाचव्या दालनात ती रेशीमकिड्याची कथा सांगते. बारीक दाण्यांसारखी अंडी उबेने जिवंत होतात, अळ्या तुतीची पाने खाऊन वाढतात, स्वतःच्या तोंडाने रेशीम कातून कोश विणतात आणि त्यात मरतात. मग त्यातून एक लहानसे शुभ्र फुलपाखरू बाहेर पडते. आपण हे कधी पाहिलेले नाही, नुसते ऐकलेले आहे, काही चुकले असल्यास दोष आपला नव्हे, असे ती मोकळेपणाने सांगून टाकते. संतांचा हा खट्याळपणा आम्हाला फार आवडतो.

तेरेजासाठी कोश म्हणजे ख्रिस्त स्वतः. प्रार्थना, पश्चात्ताप, आज्ञापालन यांच्या धाग्यांनी आपण घर विणावयाचे, आणि त्या घरात आपल्या 'मी'ने मरावयाचे. आपल्या मराठी संतवाङ्मयात कीटक-भृंगाचा दृष्टांत आहे. भृंगाच्या अखंड ध्यानाने कीटकच भृंग होतो, असे तेथे सांगितले जाते. तेरेजाचा किडा मात्र मरून फुलपाखरू होतो. जो आपला जीव राखू पाहील तो त्याला मुकेल, या प्रभूच्या वचनाचेच हे चित्र आहे. आणि तेथे जीव या अर्थी मूळ शब्द आहे तोच, 'प्सीखे'. ग्रीकांना जे मरणानंतर घडावेसे वाटे, ते तेरेजा या जन्मातच सुरू करावयास सांगते. सातव्या दालनात ते फुलपाखरूही मरते, आणि तेही आनंदाने, कारण आता त्याच्या ठायी ख्रिस्तच जगत असतो.

अळी मरते की पालटते, हा प्रश्न मात्र राहिलाच होता. १६६९ साली ॲम्स्टरडॅमचा वैद्य यान स्वामरडाम याने कीटकांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अळी मरते आणि तिच्या जागी दुसराच प्राणी जन्मतो, ही समजूत त्याने खोडून काढली. कोशात जाण्याच्या बेतात असलेल्या अळीच्या कातड्याखाली फुलपाखराचे अवयव तयार होत असलेले त्याने उलगडून दाखविले. अळी आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे, हे त्याने सिद्ध केले. आजचे शास्त्र याहून खोल गेले आहे. कोशात अळीच्या देहाचा बराचसा भाग विरघळून जातो, आणि अळीपणीच तिच्या अंगात दडून असलेल्या पेशींच्या लहान लहान पुंजक्यांतून पंख व पाय घडतात. २००८ साली जेजुइट परंपरेतील जॉर्जटाऊन विद्यापीठातील संशोधकांनी एका जातीच्या पतंगावरील प्रयोग प्रसिद्ध केला. अळीच्या अखेरच्या अवस्थेत विशिष्ट वास टाळावयास शिकलेले बहुतेक किडे पतंग झाल्यावरही तो वास टाळीत होते. देह जवळजवळ नव्याने घडला, तरी आठवण पुसली गेली नाही.

विज्ञानाने पुनरुत्थान सिद्ध केले, असा दावा आम्ही मुळीच करीत नाही. दाखला हा दाखलाच असतो, आणि तो कोठे तोकडा पडतो हेही सांगितले पाहिजे. फुलपाखरू काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा मरते. उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही. कोशातून फुलपाखरू निघते ते निसर्गक्रमाने. कबरेतून देह उठतो तो केवळ देवाच्या कृपेने. तरीही एक गोष्ट हा दाखला फार सुरेख सांगतो. उठलेल्या प्रभूचे रूप असे पालटले होते की मग्दालियाने त्याला माळी समजले, परंतु थोमाला दाखविलेल्या हातांवर खिळ्यांच्या खुणा त्याच होत्या. पालट झाला, पण तो दुसरा कोणी झाला नाही.

त्या मातेला आज आम्ही काय सांगू? बाई, हारावर बसलेले ते फुलपाखरू म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. ते कदाचित तुमच्याच वाडीतल्या एखाद्या झाडावर वाढलेले एक निष्पाप पाखरू असेल. तुमचा मुलगा देवाच्या हाती आहे. त्याला तुमच्यापाशी येण्यासाठी पंखांची उसनवारी करावी लागत नाही. पण ते पाखरू तेथे बसले ते बरेच झाले. ज्या देहाला तुम्ही न्हाऊमाखू घातले, ज्याच्या कपाळावर झोपताना क्रुसाची खूण केली, तो देह देवाने टाकून दिलेला नाही, याची आठवण त्याने तुम्हाला करून दिली. तो या मातीत दाण्यासारखा पेरला आहे. अखेरच्या दिवशी तुम्ही त्याला पाहाल तेव्हा त्याचे रूप पालटलेले असेल, आणि तरीही तुम्ही त्याला ओळखाल.

इतके सांगावयास आम्हाला काही वर्षे लागली. येत्या २ नोव्हेंबरला ती माता पुन्हा भेटली, तर तिच्या शेजारी बसून एवढे बोलण्याचे बळ प्रभूने आम्हाला द्यावे.