व्यवसायजन्य कर्करोग व श्रमिकतपासणी (वर्धा जिल्हा)

व्यवसायाच्या निमित्ताने श्वास, त्वचा अथवा अन्नमार्गाने शरीरात शिरणाऱ्या रसायनांमुळे उद्भवणारा कर्करोग, आणि लक्षणे प्रकट होण्यापूर्वी त्याचा माग काढण्यासाठी श्रमिकांची केली जाणारी नियतकालिक तपासणी. धुराडी झाडणाऱ्यांच्या वृषणकोशावरील कर्करोगाचा काजळीशी संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्ये दाखवून दिला; रंगनिर्मितीच्या कारखान्यांतील मजुरांचा मूत्राशयाचा कर्करोग लुडविग रेन याने १८९५ मध्ये नोंदविला.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट व पुलगाव ही कापडगिरण्यांची जुनी ठाणी असली, तरी रसायनांशी श्रमिकांचा सर्वांत व्यापक संबंध येतो तो कपाशीच्या वावरात. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या सालदाराचे वा रोजंदाराचे कपडे द्रावणाने भिजतात आणि विष त्वचेतून आत मुरते. लगतच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर अशा विषबाधेने दगावले. तीव्र विषबाधा काही तासांत उघड होते. कर्करोग मात्र बहुधा अनेक वर्षांनी, मूळ काम सुटल्यावरही प्रकट होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कीटकनाशकांपैकी लिंडेनला निश्चित, तर मॅलाथिऑनला संभाव्य कर्करोगकारकांच्या वर्गात घातले. लसीकार्बुदाशी (लसीका-ऊतकाच्या कर्करोगाशी, म्हणजे लिंफोमाशी) असलेला संबंध हा दोन्ही निर्णयांत विचारात घेतला गेला.

कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची नेमणुकीपूर्वी, प्रतिवर्षी व काम सुटल्यानंतरही तपासणी आवश्यक ठरविली. कीटकनाशक नियम, १९७१ यांनी फवारणी करणाऱ्यांसही त्रैमासिक तपासणीच्या कक्षेत घेतले. परंतु ज्याचा मालक हंगामागणिक बदलतो आणि ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही, अशा मजुराच्या बाबतीत त्या तरतुदीची अंमलबजावणी कोणी करावी, हा प्रश्न उरतोच. शिवाय रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची चाचणी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाचा अलीकडचा परिणाम दाखविते, कर्करोग नव्हे. आणि तिशीपुढील लोकांसाठीच्या शासकीय तपासणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचाच समावेश असल्यामुळे लसीकार्बुद तीत सापडत नाही. त्याच्यासाठी सर्वमान्य पूर्वतपासणी अद्याप उपलब्ध नाही.

म्हणून येथे प्रतिबंध व दप्तर यांना तपासणीइतकेच महत्त्व येते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदवही ठेवली जाते. रुग्णाच्या कागदावर ‘शेतमजूर’ एवढेच न लिहिता, त्याने किती हंगाम, कोणते औषध व कोणत्या साधनाने फवारले, हे नमूद झाल्यास अशा नोंदींवरून रसायन व रोग यांचा स्थानिक संबंध तपासता येईल.